पांढरीखालचा रस्ता

मे संपता संपता काजवे बघायला भंडारदऱ्याला ज्या शेकडो गाड्या जातात, त्यातल्या एकीत मी होतो. काजव्यांबद्दल मी लिहिणार नाही, इन्स्टाग्रामवर पुरेसे आहेत. लिहायचंय ते रतनवाडीच्या वाटेवर जिथे मुक्काम केला त्या घराच्या मागच्या भिंतीबद्दल.

पुढचं घर विटांचं, वर पत्रा, दारात डिशची छत्री. मागची पडवी मात्र कुडाची होती. कारवीच्या काठ्या उभ्या रोवून, आडव्या बांधून, दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपलेली. एका कोपऱ्यात लिंपण गळून काठ्या उघड्या पडल्या होत्या. मी त्याचे फोटो काढतोय म्हटल्यावर घरच्या मावशींना जरा ओशाळल्यासारखं झालं.

"ती नका काढू, पडायला झालीय."

"किती वर्षांची आहे मावशी?"

"भिंत? मागल्या दिवाळीला लिंपली."

"तसं नाही, घर किती वर्षांचं?"

"घर सासऱ्यांच्या वेळचं. भिंती बदलत्यात, घर ऱ्हातं."

आणि सोडून दिलं तर? दोन पावसाळे, मावशी म्हणाल्या. सह्याद्रीच्या या भागातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना हे पटेल. दोन पावसाळ्यांत भिंतीची माती होते, काठ्या कुजतात, आणि जमिनीत उरतात ते फक्त मेढी रोवल्याचे खड्डे.

हे खड्डे मी आधी पाहिले होते, भंडारदऱ्यात नाही, लंडनवरच्या एका पुस्तकातल्या नकाशात. क्लायंटच्या कामासाठी कंपनीनं काही महिने तिकडे पाठवलं होतं. वीकएंडला पाऊस असला की करण्यासारखं फार नसायचं, तेव्हा ते पुस्तक वाचलं. कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसचं नूतनीकरण व्हायचं होतं, म्हणून १९८९ ते १९९९ या काळात तिथे टप्प्याटप्प्यानं उत्खनन झालं. पॉश नाट्यगृहाच्या खाली सापडला सातव्या ते नवव्या शतकातला एक रस्ता. खडी दाबून केलेला, पुन्हा पुन्हा वर नवी खडी टाकलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना गल्ल्या आणि सुमारे साठ घरांच्या खुणा. घरं कसली? लाकडी मेढी, विणलेल्या काठ्या, वर मातीचं लिंपण. कूडच. इंग्रजांचे सॅक्सन पूर्वज आमच्या मावशींच्या पडवीसारख्या घरात राहत होते हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं.

पण त्या रस्त्याची खरी गंमत तो कुठे सापडला यात आहे. रोमन लोकांनी वसवलेलं लंडन तटबंदीच्या आत होतं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता गेली. पुढे आठव्या शतकात बीड नावाचा इंग्रज साधू-इतिहासकार लिहितो की लंडन ही अनेक देशांच्या लोकांची बाजारपेठ आहे. मग विसाव्या शतकातले पुरातत्त्वज्ञ तटबंदीच्या आत ही बाजारपेठ शोधत बसले. रोमन थर सापडायचे, नंतरचे मध्ययुगीन थर सापडायचे, आणि मध्ये नुसती काळपट माती. सॅक्सन बाजारपेठ नाहीच. बीड खोटं बोलला का? १९८४ च्या सुमारास ॲलन व्हिन्स आणि मार्टिन बिडल या दोघांनी स्वतंत्रपणे तोच मुद्दा मांडला: गाव हरवलेलं नाही, तुम्ही चुकीच्या जागी खणताय. ते तटाबाहेर पश्चिमेला आहे, जिथे आज भर वस्ती आहे. लगेच पुढच्या वर्षी कॉव्हेंट गार्डनच्या ज्युबिली हॉलच्या जागेवर खणलं आणि सॅक्सन वस्ती मिळाली. त्या भागातल्या एका रस्त्याचं नाव शेकडो वर्षं सगळ्यांच्या जिभेवर होतं: ऑल्डविच. म्हणजे 'जुनी पेठ'. उत्तर पाटीवर लिहिलेलं होतं.

ही गोष्ट मी इतकी लांबवली कारण अगदी हीच गोष्ट प्रवरेवर घडलेली आहे. फक्त आपल्या गोष्टीत १९८४ अजून आलेलं नाही.

प्रवरा रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते. रतनवाडीत तिच्या काठी अमृतेश्वराचं देऊळ आहे, जवळजवळ हजार वर्षांचं, बाहेरून इतकं कोरलेलं की मान दुखते. देऊळ दगडाचं म्हणून राहिलं. ते घडवणारे पाथरवट, त्यांना भाकरी पोचवणाऱ्या बाया, पूजेला येणारे लोक ज्या घरांत राहत होते त्यातलं एकही नाही. ती घरं कुडाचीच असणार. आपण 'हजार वर्षांपूर्वीचा महाराष्ट्र' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे देवळं, लेणी आणि किल्ले येतात, याचं साधं कारण ते दगडाचे आहेत एवढंच. जेवढं टिकलं तेवढंच आपण होतो असं नाही.

तिथून खाली नदी विल्सन धरणात अडते. १९१० ला काम सुरू, १९२६ ला पूर्ण. पाणी मग अकोले, संगमनेर करत जातं, ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत शिरतं आणि कोरड्या पट्ट्यात ऊस उभा राहतो. संगमनेरजवळचं जोर्वे, त्याखाली श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद, मग नेवासे, आणि शेवटी प्रवरासंगमाला गोदावरी. सुमारे २०० किलोमीटरच्या या नदीकाठी महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाची निम्मी बाराखडी आहे. जोर्वे हे नाव तर सबंध ताम्रपाषाण संस्कृतीलाच मिळालं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी, तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी काढणारे, कुडाच्या घरात राहणारे, आणि मूल गेलं तर त्याला दोन मडक्यांची तोंडं जोडून घराच्याच जमिनीखाली पुरणारे.

आता एक शब्द, जो मला माझ्या आजोबांकडून मिळाला आणि ज्याचा अर्थ कळायला पंचवीस वर्षं लागली. पांढरी. आपल्याकडे गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मला वाटायचं की हा नुसता बोलण्याचा प्रकार आहे. तो नाही, तो मातीचा रंग आहे. माणसं एकाच जागी शेकडो वर्षं राहिली की चुलीची राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींची माती, खरकटं, हाडं हे सगळं थरावर थर साचतं आणि जमीन राखट पांढुरकी होते. लंडनच्या लोकांना आपल्या गावाखाली काळी माती मिळाली, आपल्याला पांढरी. गाव उठून दुसरीकडे गेलं तरी ती उरते, आणि अशा टेकाडाला लोक अजून पांढरीचं टेकाड म्हणतात. ज्या देशात इतिहास नोंदवून ठेवत नाहीत असं आपण सारखं ऐकतो, तिथे पुरातत्त्वीय स्थळासाठी गावागावात एक रोजचा शब्द आहे.

याच शब्दाची दुसरी बाजू अशी की पांढरी माती फार उपयोगी. काळ्या मातीसारखी ती उन्हाळ्यात भेगाळत नाही, म्हणून धाब्याच्या घरावर घालायला उत्तम. राख आणि शेण असल्यामुळे शेताला खत म्हणूनही उत्तम. बैलगाडीनं नेत होते तोवर टेकाडं हळूहळू झिजत होती. मग कालवे आले, ऊस आला, ट्रॅक्टर आले. भंडारदऱ्याच्या पाण्यानं आमच्या भागाला खायला घातलं, इंजिनिअरिंगची फी भरली, त्यात माझीही आली. त्या पाण्यासाठी जमिनी सपाट केल्या तेव्हा काय काय सपाट झालं याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

थर गेला की काय जातं ते दायमाबादला दिसतं. १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. तुम्ही शाळेच्या पुस्तकात फोटो पाहिला असेल. पण त्या वस्तू कुठल्या थरातून आल्या हे काढणाऱ्यानं बघायचं कारणच नव्हतं, म्हणून त्या उत्तर हडप्पा काळातल्या की बऱ्याच नंतरच्या यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला. वस्तू शंभर टक्के शाबूत, तारीख गायब. माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी: कोड आहे, कमिट हिस्टरी नाही.

आणि आता नेवासे. नेवाशाला लाडमोड नावाचं पांढरीचं टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ मध्ये तिथे उत्खनन केलं. अहवाल १९६० साली निघाला आणि त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' असा आहे, कारण खणताना माणूस उलटाच जातो. नदीपात्रातल्या गोट्यांत अश्मयुगीन हत्यारं. टेकाडात सगळ्यात खाली जोर्वेवाल्यांची वस्ती. मग मोठा खंड. मग सातवाहन काळ, आणि इसवी सनाच्या आगेमागे तर रोमन जगाशी व्यापार: भूमध्य समुद्राकडून आलेल्या उंच, निमुळत्या मद्यकुंभांचे तुकडे प्रवरेच्या काठी मिळाले आहेत. कल्पना करा, कोकणातल्या बंदरात उतरलेलं मडकं घाट चढून इथवर आलं.

हा काळ अहवालाच्या हिशोबानं इसवी सन २०० च्या आसपास संपतो. त्यानंतरचा वस्तीचा थर कुठला? बहामनी-मराठा काळ, सुमारे १४०० ते १७००. मधली बाराशे वर्षं टेकाडावर नाहीत.

तुमच्या लक्षात आलं असेल मध्ये काय राहिलं. १२९०. शके १२१२. ज्ञानेश्वरी. परंपरेनं ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली तो पैस खांब नेवाशात आहे, त्यावर जुना कोरीव लेख आहे. ग्रंथाच्या शेवटी गोदावरीकाठच्या या क्षेत्राचा आणि यादव राजा रामचंद्राचा उल्लेख येतो. सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर येणार होता. मराठीत लिहिलं गेलेलं बहुधा सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक ज्या गावात तयार झालं, त्या गावाचा थर गावाच्या सगळ्यात प्रसिद्ध उत्खननात मिळत नाही.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी दोनदा तारखा तपासल्या. मग लंडन आठवलं. बीड खोटं बोलला नव्हता आणि ज्ञानेश्वरीचा शेवटही नाही. टेकाड उत्खननाला मिळालं कारण ते रिकामं होतं. रिकामं होतं कारण लोक तिथून उठून गेले होते. पुरातत्त्वज्ञ जिथे लोक नाहीत तिथे खणतात, दुसरं काय करणार? लोकांच्या घरात ते कसे खणतील? म्हणजे यादव काळातलं नेवासं शोधायचं तर आज जिथे किराणा दुकान, पतसंस्था आणि मोबाइल रिपेअरिंग आहे, तिथे खाली बघावं लागेल. ते प्रॉडक्शनवर चालू असलेलं गाव आहे, बंद करून बघता येत नाही.

ऑल्डविचसारखी पाटीही आपल्याकडे आहे. प्रवरेच्या दोन काठांवर दोन नेवासी आहेत. तालुक्याचं मोठं गाव म्हणजे नेवासा खुर्द, समोरचं लहान ते नेवासा बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं. दोन्ही शब्द फारसीतून आलेले, म्हणजे ही नावं बहामनी काळाच्या आधी पडली असण्याची शक्यता कमी. ज्या कोणी महसूलाच्या कागदावर ती लिहिली, त्याच्या डोळ्यांसमोर पलीकडचं गाव मोठं होतं. गावं नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर, एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर सरकत राहिली आहेत, आणि ज्ञानेश्वर ज्या गल्लीतून चालले ती या सरकण्यात कुठेतरी दबली आहे.

गल्ली हा शब्द मुद्दाम वापरला. कारण जुन्या गावात घरापेक्षा रस्ता जास्त टिकतो. घर पडतं, त्याच जागी नवं उठतं, भाऊ भांडतात, भिंत मध्ये येते, पण गल्ली तिथेच राहते, कारण तिच्यावर दोन्ही बाजूंच्या लोकांची नजर असते. कोणी वीतभर पुढे सरकला की आरडाओरडा. म्हणून कुठल्याही जुन्या गावात वेशीपासून देवळापर्यंत जाणारी वेडीवाकडी बोळ ही बरेचदा तिथली सगळ्यात जुनी गोष्ट असते, आणि तिच्यावर काही कोरलेलं नसल्यामुळे तिचे फोटो कोणी काढत नाही. जुन्या घरात शिरताना दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं, बघितलंय का? घर खाली गेलेलं नसतं, रस्ता वर आलेला असतो. दर निवडणुकीला एक थर डांबर. कॉव्हेंट गार्डनचे सॅक्सन तेच खडीनं करत होते.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. माझं आजोळ प्रवरेकाठच्या एका जुन्या गावात आहे, नाव सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी वाडा पाडून मामांनी तीन मजली घर बांधलं. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो, कॉलमचे खड्डे खणताना 'लक्ष ठेवायला' मला उभं केलं होतं. जेसीबी दहा फूट खाली गेला. वर विटा, मग मुरूम, मग बराच राखट पांढरा भाग, त्यात मध्येच जळक्या काळ्या रेघा, आणि खापऱ्या. खूप खापऱ्या. हिरव्या काचेच्या बांगडीचा एक तुकडा. मी आजीला दाखवला तर ती म्हणाली, कोण्या सुवासिनीचा असेल, नदीत सोडून ये.

मामांना मात्र वेगळीच भीती होती. "बोंबलू नको. सरकारी माणूस आला की जागा गेली." मी गप्प बसलो. संध्याकाळपर्यंत खड्ड्यांत काँक्रीट होतं. आजही कोणी विचारलं की तू त्या खड्ड्यात काय पाहिलंस, तर मला रंग सांगता येतात, खोली अंदाजे सांगता येते, पण कुठली खापरी कुठल्या रेघेच्या वर होती ते सांगता येत नाही. दायमाबादच्या शेतकऱ्याला निदान रथ तरी मिळाला होता, आणि त्याच्याकडे खिशात बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा नव्हता.

मामांची भीती मी हसून उडवणार नाही. आपल्याकडे जमिनीखाली काही सापडलं की जो कायदा आठवतो तो १८७८ सालचा, निखात निधीचा. दहा रुपयांवरची कुठलीही पुरलेली मौल्यवान वस्तू मिळाली तर कलेक्टरला कळवा. तो कायदा हंड्यासाठी आहे, थरांसाठी नाही. त्याच्या नजरेत खापरीला किंमत नाही आणि सापडणारा माणूस संभाव्य चोर आहे. दुसरा कायदा संरक्षित स्मारकांचा, १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. तोही यादीत असलेल्या वास्तूभोवती फिरतो. गल्लीखालची पांढरी कुठल्याच यादीत नाही. इंग्लंडमध्ये १९९० साली नियोजनाच्या धोरणातच घातलं की जुन्या जागी बांधायचं असेल तर आधी खाली काय आहे ते तपासा. व्यवहारात खर्च बिल्डरवर येतो, मग त्याचं बांधकाम तो करतो. जागा जात नाही, जाते फक्त वेळ. ते श्रीमंत आहेत म्हणून जमतं, हे खरंय, आणि तीन मजल्यांसाठी कर्ज काढलेल्या माझ्या मामाला उत्खननाचं बिल पाठवा असं मी म्हणणार नाही. पण खड्डा भरण्याआधी एका दिवसाची मुदत, एक फोटो, एक मोजपट्टी आणि 'जागा जाणार नाही' असं लेखी देणारा एक माणूस, इतकं स्वस्तही काही असू शकतं.

भंडारदऱ्याहून परतताना मी सरळ पुण्याला न जाता नदीबरोबर खाली आलो, आजोळी थांबलो. गल्लीत पाण्याच्या नव्या पाइपलाइनसाठी चर खणलेला होता, घरासमोरून थेट मारुतीच्या देवळापर्यंत. चर म्हणजे सबंध रस्त्याचा उभा छेद, ज्यासाठी पुरातत्त्वज्ञ वर्षभर परवानग्या मागतात. मुकादम चहाला गेला होता. मी बॉलपेन मोजमापासाठी चराच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि दर पाच पावलांवर फोटो घेत गेलो. वर डांबराचे चार पापुद्रे, मुरूम, विटांचा चुरा, मग पांढरी. पांढरीत साधारण गुडघाभर खाली बारीक गोट्यांची एक सपाट रेघ होती, गल्लीच्या रुंदीभर, दाबून घट्ट झालेली. तिच्याखाली पुन्हा पांढरी, आणि त्यात अजून एक तशीच रेघ.

"काय हरवलं का, सर?" मुकादमानं मागून विचारलं.

मी त्याला रेघा दाखवल्या. त्यानं वाकून बघितलं, नखानं एक गोटा उचकटून पाहिला, निघाला नाही. "रस्ताच हाये हा," तो म्हणाला. "बेस चांगला केलाय." मग त्यानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, पाइप दुपारी येणारेत, तोवर काढा काय काढायचे ते फोटो.

एकशे बारा फोटो आहेत. प्रत्येकाला जीपीएस आणि वेळ आहे.